दगड नव्हे, रातवा!

‘मॅडम, इद कल्लल्ल री, हक्कि!’

द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी हातातली कुदळ तशीच वर धरून ओरडला आणि आमचे सगळ्यांचे हात थांबले. दगड नव्हे, पक्षी आहे, असे तो सांगत होता. २०२३ सालच्या जून महिन्याचे पहिले दिवस. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना घेऊन मी गावाबाहेरच्या माळावर वृक्षारोपणासाठी खड्डे खणून घेत होते. पर्यावरण दिन दोन दिवसांवर आला होता. फक्कीने रांगा आखून झाल्या होत्या. दोनशे खड्ड्यांचा संकल्प होता, प्रमुख पाहुणे ठरले होते, कापडी फलकही रंगवून आला होता.

ज्याला तो मुलगा दगड समजत होता, ते त्याच्या पायाजवळून भुर्रकन उठले, चार-पाच हातांवर जाऊन पडले आणि पंख मोडल्यासारखे फडफडू लागले. पक्ष्याला कुदळ लागली असे वाटून दोन मुले त्याला उचलायला धावली. ती जवळ गेली की पक्षी आणखी थोडा पुढे सरके आणि पुन्हा तसाच लोळे. असे करत करत त्याने मुलांना तीस-चाळीस पावले लांब नेले. मग काहीच झाले नव्हते अशा थाटात, पंखांचा आवाजसुद्धा न करता, तो उडून गेला.

इकडे तो बसला होता त्या जागी दोन अंडी होती. घरटे नाही, काडी नाही, खाली गवताची एक पातही अंथरलेली नाही. उघड्या मुरमावर ठेवलेली, फिकट गुलाबीसर रंगाची आणि तांबूस डागांची दोन अंडी. मान वळवून पुन्हा पाहिले तर ती क्षणभर सापडेनात, इतकी ती मातीत मिसळून गेली होती.

वाचकहो, मी मराठी शिकवते. पक्ष्यांशी माझी ओळख कवितेच्या तासापुरतीच. त्या संध्याकाळी प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना माळावर घेऊन गेले तेव्हा त्यांनी नाव सांगितले : रातवा. आणि त्या नावापासून माझा एक नवाच अभ्यास सुरू झाला. त्यात बरेच काही कळले, आणि आपण केलेली एक चूकही कळली. आज त्या दोन्हींविषयी लिहायचे आहे.

एका पक्ष्याची अनेक नावे

रातवा हे नाव किती नेमके आहे पाहा. रात्रीचा तो रातवा. मराठी वाचकाला हा शब्द ठाऊक झाला तो प्रामुख्याने मारुती चितमपल्ली यांच्यामुळे. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘रातवा’ आहे. सोलापूरच्या तेलुगू भाषक घरात १९३२ साली जन्मलेला हा माणूस वनखात्यात आयुष्य घालवून मराठीत लिहीत राहिला, पक्ष्यांचा कोश करून गेला आणि २०२५ साली आपल्यातून गेला. दोन भाषांत राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांनी हे ध्यानात ठेवावे असे आहे.

कन्नड पक्षिपुस्तकांत याला ‘नत्तिंग’ म्हणतात. हिंदीत ‘छपका’ किंवा ‘चिप्पक’, म्हणजे जमिनीला चिकटून बसणारा. आमच्या घरी सासूबाईंना सगळे अव्वा म्हणतात. त्यांना हे तिन्ही शब्द सांगितले तर त्या म्हणाल्या, ‘हेसरु यारिगे गोत्तु? आवाज मात्र ओळखते. लहानपणी मेंढरांच्या राखणीला जायचो तेव्हा रोज ऐकायचो.’ नाव कुणाला माहीत, पण आवाज माहीत आहे! ही ओळख माझ्या ओळखीपेक्षा कितीतरी जुनी होती.

शास्त्रीय नावाची गोष्ट त्याहून मजेची. रातव्यांच्या मुख्य प्रजातीला ‘कॅप्रिमुल्गस’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो ‘शेळीचे दूध काढणारा’. हा पक्षी रात्री येऊन शेळीच्या सडाला तोंड लावतो, मग तिचे दूध आटते आणि ती आंधळी होते, असे युरोपात शेकडो वर्षे मानले जाई. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलने हे लिहून ठेवले, नंतर रोमन लेखक प्लिनीने त्याचीच री ओढली. हसू नका! धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हे आपल्याकडे आजही गंभीरपणे सांगणारी माणसे आहेत. खरी गोष्ट अशी की जिथे गुरे-मेंढरे, तिथे शेण-लेंड्या, आणि जिथे त्या, तिथे किडे. रातवा येतो तो त्या किड्यांसाठी. मेंढपाळाचा तो चोर नव्हे, उलट राखणदारच म्हणायचा.

आणखी एक नाव आपल्या कानाला ओळखीचे वाटेल. कर्नल विल्यम साईक्स हे मुंबई इलाख्यातले इंग्रज अधिकारी. दख्खनच्या पक्ष्यांची त्यांनी यादी केली, ती १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात छापली गेली. त्यात एका रातव्याला त्यांनी ‘महराटेन्सिस’ असे नाव दिले, मराठ्यांच्या मुलखातला म्हणून. गंमत अशी की हा रातवा वीण करतो तो वायव्येकडच्या कोरड्या प्रदेशात, आणि आपल्या बाजूला येतो तो हिवाळ्याचा पाहुणा म्हणून. नाव मराठी मुलखाचे, घर दुसरीकडे! आपल्या सीमाभागात अशी कुटुंबे थोडी का आहेत?

आमच्या माळावरचा रातवा मात्र वेगळा निघाला. तो गवताळ माळावरचा रातवा. जुन्या पुस्तकांत त्याला फ्रँकलिनचा रातवा म्हणत. मेजर जेम्स फ्रँकलिन हे बंगालच्या फौजेतले अधिकारी; आपल्याकडच्या जातीचे वर्णन त्यांनी १८३१ मध्ये केले. त्याच्या दहा वर्षे आधी, १८२१ मध्ये, टॉमस हॉर्सफील्ड यांनी याच पक्ष्याला जावा बेटावरून नाव दिलेले होते. म्हणजे आपल्या माळापासून थेट इंडोनेशियापर्यंत याचा गोतावळा पसरलेला आहे.

ओळखायचा कसा?

आकाराने हा साळुंकीहून किंचित मोठा, सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांब. रंग सांगायचा तर मातीचा, वाळक्या गवताचा, दगडावरच्या शेवाळाचा, सगळे एकत्र कालवलेले. नर उडाला की शेपटीच्या दोन्ही कडांची पिसे पांढरी चमकतात, पंखांवरही पांढरा ठिपका दिसतो. मादीच्या शेपटीत हे पांढरे नसते. आमच्या अंड्यांवरून उठलेल्या पक्ष्याची शेपटी अशी पांढरी नव्हती, म्हणजे ती मादी. अंधार पडता पडता डोक्यावरून एक पक्षी घिरट्या घालत गेला, त्याच्या शेपटीच्या कडा मात्र स्वच्छ पांढऱ्या होत्या.

तो घिरट्या घालतानाच ओरडत होता. ‘च्वीप... च्वीप...’ असा एकेक सुटा, टोकदार आवाज. याचा भाऊबंद म्हणजे साधा भारतीय रातवा, तोही आपल्याकडे शेताबांधावर असतो. त्याची हाक अगदी निराळी. फरशीवर गोटी टाकली की ती आधी सावकाश आणि मग भराभर टकटकत थांबते ना, तसा : ‘टक्... टक्... टक्-टक्-टक्र्र्र’. एकदा ऐकला की विसरत नाही. अनेक घरांत हा आवाज ऐकून ‘रात्रीचा पक्षी ओरडतोय, काहीतरी वाईट होणार’ म्हणून मुलांना आत घेतात. वास्तविक तो बिचारा आपली जागा कुठवर आहे ते शेजाऱ्याला सांगत असतो, किंवा जोडीदाराला साद घालत असतो.

जवळून पाहिल्यास याची चोच अगदी लहान, पण तोंड उघडले की जबडा थेट डोळ्यांखालपर्यंत फाकतो. उडता उडताच पतंग, भुंगे, पहिल्या पावसानंतर पंख फुटून बाहेर पडणारी वाळवी तो गिळतो. मधल्या बोटाच्या नखाला चक्क कंगव्यासारखे दाते असतात; पिसे विंचरायला त्यांचा उपयोग होत असावा असे अभ्यासक मानतात. पाय इतके आखूड की धड चालताही येत नाही. रात्री गाडीच्या दिव्यात याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. मांजराच्या डोळ्यांप्रमाणेच प्रकाश परतवणारा थर आत असतो, त्यामुळे अंधारातही याला दिसते.

तरीही थोडासा उजेड याला हवाच असतो. म्हणून संधिकाल आणि चांदण्या रात्री हा त्याचा जेवणाचा मुख्य काळ. युरोपातल्या रातव्यांना छोटी यंत्रे बांधून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चांदण्या रात्री ते जास्त वेळ शिकार करतात आणि त्यांचा लांबचा प्रवाससुद्धा चंद्राच्या वाढण्या-घटण्याशी जुळलेला असतो, असे त्यात आढळले. आपण पंचांग पाहून प्रवासाला निघतो; हा पक्षी आकाशच पाहतो.

न हलण्याचे बळ

पण रातव्याचे खरे कसब उडण्यात नाही, बसण्यात आहे. दिवसभर तो जमिनीवर बसून असतो. डोळे मिटून फक्त एक बारीक फट ठेवतो, कारण चमकणारा डोळाच शिकाऱ्याला आधी दिसतो. माणूस दोन पावलांवर येईपर्यंत तो हलत नाही.

या ठिकाणी टिटवीची आठवण होते. टिटवीसुद्धा जमिनीवरच अंडी घालते. कन्नडमध्ये टिट्टिभ, संस्कृतातही टिट्टिभ. समुद्राने अंडी नेली म्हणून समुद्राशी भांडणारी पंचतंत्रातली ती हीच. कोणी लांबून येताना दिसले की ती अंडी सोडून उडते आणि डोक्यावर ओरडून आकाश डोक्यावर घेते. रातव्याचे याच्या नेमके उलट. तो शेवटपर्यंत गप्प बसतो.

आफ्रिकेतल्या झांबिया देशात शास्त्रज्ञांनी या दोन्ही तऱ्हांच्या पक्ष्यांच्या वीणीचे फोटो काढून तुलना केली. २०१६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. टिटवीच्या जातकुळीतले पक्षी लांबूनच उडून जातात, म्हणून त्यांच्या बाबतीत अंडी मातीशी किती मिळतीजुळती आहेत यावर ती वाचणे अवलंबून होते. रातवे उठतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत अंड्यांच्या रंगापेक्षा बसलेल्या पक्ष्याच्या पिसांचा रंग महत्त्वाचा ठरला. पक्षी स्वतःच अंड्यांवरचे झाकण! पुढच्याच वर्षी त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. प्रत्येक पक्ष्याच्या अंगावरची नक्षी थोडी वेगळी असते आणि आपापल्या नक्षीला शोभेल अशीच जागा तो बसायला निवडतो.

हे वाचले तेव्हा मी चरकले. म्हणजे त्या मादीने आमचा माळ सहज म्हणून निवडला नव्हता. त्या मुरमाचा रंग, त्या विरळ कुसळीची सावली, ते लहानमोठे दगड हे सारे जमून आले म्हणून ती तिथे बसली होती. तिच्या दृष्टीने ती जागा रिकामी नव्हती. रिकामी होती ती आमच्या दृष्टीने.

माळ म्हणजे पडीक?

आपल्या दोन्ही भाषांत ‘माळ’ हा शब्द आहे. मराठीत गुरांच्या चराईची जमीन ती गायरान, कन्नडमध्ये ती गोमाळ. अथणी, जत, विजापूर, सोलापूर या पट्ट्यात पावसाचे मान कमी, मातीचा थर वीतभर आणि खाली मुरूम. अशा जमिनीवर निसर्गानेच जंगल वाढवले नाही. तिथे गवत वाढवले. कुसळी, पवन्या, मारवेल. त्या गवतावर दख्खनी मेंढी जगली, मेंढीच्या लोकरीवर घोंगडी आली, धनगर आणि कुरुबर ही माणसे जगली. मराठीतला बिरोबा आणि कन्नडमधला बीरप्पा हा एकच देव या माळानेच आपल्याला दिला. या गवतावरच काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक, माळटिटवी आणि माळढोक वाढले.

पण सरकारी दफ्तरात गवताच्या जमिनीला फार दिवस एकच विशेषण लागत आले : पडीक. जी नांगरली जात नाही आणि जिच्यावर झाडे नाहीत, ती जमीन वाया गेलेली, ही समजूत इंग्रजांच्या महसूल व्यवस्थेतून आली आणि आपण ती तशीच पुढे चालवली. २००० साली देशाच्या पडीक जमिनींचा पहिला नकाशासंग्रह निघाला, त्यातही अशा विरळ झुडपांच्या आणि गवताच्या जमिनी पडीक म्हणूनच मोडल्या. एकदा एखादी जागा पडीक ठरली की तिचे काहीही करायला आपण मोकळे होतो. कारखाना, वसाहत, कचरा टाकायची जागा. आणि काहीच सुचले नाही तर वृक्षारोपण.

याचे उदाहरण फार लांब शोधायला नको. हावेरी जिल्ह्यातल्या राणेबेन्नूरला १९७४ साली काळविटांचे अभयारण्य झाले. तिथल्या मोठ्या क्षेत्रावर निलगिरी लावलेली आहे. काळविटे टिकली, पण मोकळ्या गवताची सवय असलेला माळढोक तिथून नाहीसा झाला. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य केले, तिथेही आता तो दिसणे म्हणजे नवलाची गोष्ट. माळढोक उंच, रुबाबदार. त्याच्यासाठी निदान कोणी रडले तरी. दगडासारखा दिसणारा रातवा नाहीसा झाला तर कोणाला कळणार?

अतिशयोक्ती करायची नाही. आमचा हा रातवा आज धोक्यातल्या जातींच्या यादीत नाही. देशात तो अजून पुष्कळ ठिकाणी आहे. तैवानमधल्या शहरांत तर तो इमारतींच्या सपाट गच्च्यांवर अंडी घालू लागला आहे आणि रात्रभर ओरडून झोपमोड करतो अशा लोकांच्या तक्रारी असतात! पण भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा जो अहवाल २०२३ मध्ये आला, त्यात मोकळ्या गवताळ प्रदेशातल्या पक्ष्यांची घट विशेष चिंतेची असल्याचे नोंदवले आहे. एकेक माळ जातो तसा त्या माळावरचा रातवा जातो, आणि त्याची नोंद कुठेही होत नाही.

आमच्या अंड्यांचे काय झाले?

आता चुकीविषयी. अंडी सापडली तेव्हा मी तेवढ्या भागातले खड्डे थांबवले. ‘पक्षी काय, दुसरीकडे घालील अंडी,’ असे एक-दोघे म्हणाले, पण बहुतेक मुलांनी माझी बाजू घेतली. उत्साहाने त्यांनी चार काठ्या रोवल्या, त्यांना सुतळी बांधली, त्यावर ‘पक्ष्याची अंडी, जवळ जाऊ नये’ असे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेला पुठ्ठा लावला. मला फार समाधान वाटले. फोटोही काढला.

पर्यावरण दिनाला माळावर मंडप, ध्वनिक्षेपक, दोनशे मुले, पाहुण्यांच्या गाड्या. सुतळीभोवती सकाळपासून गर्दी. जो तो वाकून पाहून जात होता. मादी दूर एका दगडापाशी बसलेली आम्हाला दोनदा दिसली. उन्हात उघडी पडलेली अंडी दुपारपर्यंत तशीच होती. संध्याकाळी गेले तेव्हा काठ्या होत्या, सुतळी होती, पुठ्ठा होता. अंडी नव्हती. कुत्र्याने नेली, कावळ्याने नेली की एखाद्या मुलाच्या खिशातून गेली, हे कधीच कळले नाही.

ज्या पक्ष्याचे सारे रक्षण ‘न दिसण्या’वर उभे आहे, त्याच्या अंड्यांभोवती मी कुंपण घालून पाटी लावली होती! प्रेमानेच केले होते, पण अडाणीपणाने. माझ्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी नंतर शांतपणे सांगितले, ‘मॅडम, तिथे काहीच करायचे नव्हते. आपण सगळ्यांनी फक्त निघून यायला हवे होते.’

आणि झाडांचे? पुढच्या मार्चमध्ये मी मुद्दाम मोजायला गेले. दोनशेपैकी अकरा रोपे जिवंत होती. वीतभर मातीखालच्या मुरमात मुळे जाणार कुठे? बाकीच्या खड्ड्यांत नुसते पाणी साचून वाळले होते आणि काढून टाकलेला मुरूम गवतावर पसरून तिथले गवतही गेले होते. ज्या दिवशी आम्ही पर्यावरणासाठी म्हणून टाळ्या वाजवल्या, त्या दिवशी आम्ही एक पिढी आणि काही गुंठे गवत घालवले होते.

मी झाडांच्या विरुद्ध नाही. गावात, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, विहिरीवर, शेताच्या बांधावर झाडे हवीतच आणि ती जगवायलाही हवीत. पण गवत हीही हिरवाई आहे हे आपल्याला शिकवलेच गेले नाही. गवताच्या मुळांमुळे माती धरून राहते, कार्बन जमिनीत साठतो, आणि दुष्काळातही मेंढराला घासभर चारा मिळतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, त्यामागे हाच विचार आहे.

आपण काय करू शकतो?

माळावर चालताना एखादा पक्षी पायातून उडाला आणि पंख मोडल्यासारखे करू लागला तर तिथेच थांबा. खाली बघून, आलेल्या पावलीच मागे फिरा. अंड्यांना हात लावू नका, खूण ठेवू नका, मोबाईलवर फोटो काढून जागा सगळ्यांना कळवू नका.

उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर हा याच्या वीणीचा मुख्य काळ. या दिवसांत माळ पेटवू नका, मोकाट कुत्री माळावर सोडू नका.

रात्री कच्च्या किंवा माळावरून जाणाऱ्या रस्त्याने जाताना गाडी सावकाश चालवा. दिवसभर तापलेल्या उबदार रस्त्यावर रातवे बसतात. समोर जमिनीलगत दोन लाल ठिणग्या दिसल्या तर वेग कमी करा, दिवा क्षणभर मंद करा. दिव्याने दिपलेला पक्षी चटकन उठत नाही आणि चाकाखाली जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ग्रामसभेत, शाळेच्या समितीत, मंडळात कोणी गावच्या गायरानावर किंवा गोमाळावर ‘काहीतरी करू’ म्हणाले, तर आधी एक प्रश्न विचारा : तिथे आत्ता काय आहे? मेंढरे राखणाऱ्याला विचारा. त्याला उत्तर ठाऊक असते.

आमच्या महाविद्यालयात हा प्रश्न मी गेल्या वर्षी विचारला. थोडी कुरबूर झाली. माळावरची झाडे फोटोत छान दिसतात, असेही एकजण म्हणाले. पण शेवटी रोपे माळावर न लावता रस्त्याच्या कडेला आणि मुलींच्या वसतिगृहामागे लावायचे ठरले. रोज पाणी घालायला माणसे जवळच असल्यामुळे त्यातली बरीचशी जगली आहेत. माळ सध्या तरी तसाच आहे. पुढच्या वर्षी काय होईल ते सांगता येत नाही, कारण त्याच्या एका बाजूला प्लॉट पाडल्याचे दगड रोवले गेले आहेत.

यंदा मे महिन्यात एका संध्याकाळी अव्वांना घेऊन माळाच्या कडेला गेले होते. गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही, म्हणून बांधावर बसवले. माझी मुलगी एकदा आईशी मराठीत, एकदा आजीशी कन्नडमध्ये असे तिचे नेहमीचे चालले होते. सूर्य बुडाला, माळ तांबडा होऊन काळा पडत गेला. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मुलगी कंटाळून ‘घरी जाऊया’ म्हणू लागली.

मग गवताच्या पलीकडून आवाज आला. ‘च्वीप...’ थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने दुसरा.

अव्वांनी नातीचा हात दाबून तिला गप्प केले, कान दिला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘इन्नू अद.’

अजून आहे.